जुना ऑसिलोस्कोप पहिल्यांदाच दुरुस्त करतोय. आधी सगळे कपॅसिटर बदलू का?

शून्यरेषा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रॉनिक्स हा माझा व्यवसाय नाही, दोन वर्षांपासून हौस म्हणून छोटी सर्किटं जोडतो. बंद होत असलेल्या एका प्रयोगशाळेतून दोन चॅनेलचा, २० मेगाहर्ट्झचा ॲनालॉग ऑसिलोस्कोप (विजेचा दाब वेळेनुसार कसा बदलतो ते पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र, थोडक्यात स्कोप) मिळाला आहे. मागच्या पट्टीवर १९८३ साल आहे. भंगारात जाणार होता, मला बघवलं नाही म्हणून उचलून आणला.

लक्षणं अशी: खटका दाबला की पॉवरचा दिवा लागतो. पडद्यावर मात्र काहीच नाही. ब्राइटनेस पूर्ण वाढवून पाहिला, पोझिशनची बटणं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, बीम फाइंड (पडद्याबाहेर गेलेला ठिपका आत आणणारं बटण) दाबलं, तरी ठिपकासुद्धा नाही. आतून घूंऽऽ असा बारीक आवाज येतो.

माझ्याकडे डिजिटल मल्टिमीटर, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि सोल्डर ओढायचा पंप आहे. दुसरा स्कोप नाही.

दुरुस्तीचे व्हिडिओ पाहिले. बरेच जण आधी सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (आत ओलसर द्रव असलेल्या ॲल्युमिनियमच्या डब्या) बदलून मोकळे होतात. झाकण काढून मोजले तर ४३ निघाले. मागवू का सगळे? की आधी काही वेगळं बघायचं असतं?

निळा धूर

मागवा. सरळ हिशोब आहे. त्या काळातल्या साध्या इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य ८५ अंशाला २००० तास असं दिलेलं असायचं. तापमान दर १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट, असा ढोबळ नियम आहे. पेटीच्या आत ४५ अंश धरले तर ३२,००० तास होतात, म्हणजे सलग चालवलं तर पावणेचार वर्षंही नाहीत. तुमच्या स्कोपला चाळीस वर्षं झाली. प्रयोगशाळेत तो रोज आठ-आठ तास चालू असणार.

जुना तारयंत्री

शून्यरेषा, कपॅसिटरचं नंतर बघू. झाकण काढलंत हे वाचलं आणि म्हणून आधी हे लिहितो. कृपया पूर्ण वाचा.

पिक्चर ट्यूबच्या मागच्या टोकाला, म्हणजे कॅथोडकडे, या वर्गातल्या स्कोपमध्ये साधारण दीड-दोन हजार व्होल्ट असतात, तेही जमिनीच्या तुलनेत ऋण. जास्त वेगाच्या स्कोपमध्ये ट्यूबच्या बाजूला जाड रबरी टोपीची वायर दिसते, तिथे दहा हजारांच्या वर असतात. तुमचा मल्टिमीटर फार तर हजार व्होल्टपर्यंतचा आहे. त्याच्या पिना तिकडे नेऊ नका. मीटर तर जाईलच, पण त्याच्या वायरीचं आवरणही त्या दाबासाठी बनवलेलं नसतं. तिथे हाय व्होल्टेज प्रोबच लागतो, आणि आत्ता तुम्हाला तिथे मोजायची गरजही नाही.

दुसरं, प्लग काढला म्हणजे वीज गेली असं समजू नका. स्विचिंग पुरवठ्याच्या (वीज वेगाने चालू-बंद करून दाब बदलणाऱ्या) यंत्रात ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टला भरलेला असतो. त्यात जवळजवळ २५ ज्यूल ऊर्जा साठते. स्क्रूड्रायव्हर लावून ठिणगी पाडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात टोक वितळतं, ट्रॅक उडतो आणि कपॅसिटरलाही इजा होते. त्याऐवजी १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घ्या, दोन्ही बाजूंना इन्सुलेशन असलेल्या वायरी लावा आणि अर्धा मिनिट धरा. या जोडीचा टाइम कॉन्स्टंट ४.७ सेकंदांचा आहे. असे पाच झाले की दोन-अडीच व्होल्टच उरतात. त्यानंतर मीटरने खात्री करायची आणि मगच हात घालायचा.

चालू यंत्रात मोजताना काळी पिन क्लिपने चासीला लावून ठेवा, लाल पिन एका हातात, दुसरा हात पाठीमागे. घरात दुसरं माणूस जागं असावं. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं.

तुमच्याकडे येणारा घूं आवाज साध्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा वाटतो. नवशिक्यासाठी हे चांगलं आहे, स्विचिंगपेक्षा समजायला सोपं.

कावळ्याची नजर

मीटर हातात घ्यायच्या आधी डोळे आणि नाक. वीज बंद, टॉर्च लावा. तपकिरी झालेला बोर्ड, फुगलेली डबी, तळाशी चिकट डाग, हिरवट पडलेला तांब्याचा ट्रॅक, अर्धवट निघालेला कनेक्टर. मागचा व्होल्टेज सिलेक्टर कुठे आहे तेही बघा, तो ११० वर ठेवून २३० ला लावलेली यंत्रं पाहिली आहेत. फ्यूज चांगला असला तरी किती अँपिअरचा आहे ते वाचा. आधीच्या कुणी मोठा घातला असेल तर तीही एक खूण आहे.

आणि फोटो काढा. प्रत्येक कनेक्टर काढण्याआधी फोटो.

ओहममावशी

निळा धूर, तुमचा आयुष्याचा हिशोब बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. २००० तासांनंतर कपॅसिटर मरतो असं नाही. ठरलेल्या मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता वाढते, एवढंच. मी पन्नास वर्षं जुने, आजही छापील आकड्यात बसणारे कपॅसिटर मोजले आहेत.

एक घडलेली गोष्ट सांगते. सुरुवातीच्या दिवसांत माझ्याकडे एक जुना सिग्नल जनरेटर आला. आउटपुट शून्य. मी एका रविवारी तीस कपॅसिटर बदलले. चालू केला, आउटपुट शून्यच, शिवाय एक रेझिस्टर काळा पडला. दोन आठवडे शोधल्यावर कळलं की एक टँटॅलम (त्या धातूचा छोटा कपॅसिटर, यालाही धन-ऋण पाळावं लागतं) मी उलटा बसवला होता. मूळ बिघाड एका ओपन झालेल्या रेझिस्टरचा होता, कपॅसिटरशी त्याचा संबंधच नव्हता. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसं झालं. एका बिघाडाचे दोन झाले, आणि दुसरा मी घातलेला असल्यामुळे तो कुठल्याच मॅन्युअलच्या तक्त्यात सापडणार नव्हता.

म्हणून माझं मत: जो भाग का खराब आहे हे तुम्हाला आकड्यात सांगता येत नाही, तो भाग बोर्डावरून काढू नका. बोर्ड जुना असेल तर प्रत्येक डिसोल्डरिंगमध्ये एखादा पॅड उचलला जाण्याची भीती असते. ४३ कपॅसिटर म्हणजे ८६ टाके.

तुमचं पहिलं काम सर्व्हिस मॅन्युअल मिळवणं. ऑपरेटिंग नव्हे, सर्व्हिस.

मिलिअँपिअर

ओहममावशींना +१. पण अपवादही सांगायला हवा. वीज आत येते त्या जागी, फिल्टरमध्ये, पारदर्शक पिवळसर आवरणाचे धातूचा थर दिलेल्या कागदाचे कपॅसिटर दिसले आणि आवरणाला बारीक तडे दिसले, तर ते न मोजता बदला. तड्यांतून आत ओल जाते आणि एक दिवस ते फुटून खोलीभर घाण धूर होतो. जागी जुन्यावर छापलेल्या सुरक्षा वर्गाचाच घाला, X2 असेल तर X2, Y2 असेल तर Y2, दुसरा कुठला नको.

शून्यरेषा

सगळ्यांचे आभार. ऑर्डर थांबवली. तसे पिवळे कपॅसिटर नाहीत. सिलेक्टर आणि फ्यूज बरोबर आहेत. डोळ्यांना कुठे जळालेलं दिसलं नाही.

मॅन्युअल त्याच नावाने मिळालं नाही, पण वेगळ्या नावाने विकल्या गेलेल्या जुळ्या भावाचं सापडलं. बोर्डावरचे नंबर तंतोतंत जुळतात. १२० पानं आहेत. कुठून सुरू करू?

ओहममावशी

"थिअरी ऑफ ऑपरेशन" हे प्रकरण दोनदा वाचा. त्या काळचे लोक ते मनापासून लिहायचे. कोणता ट्रान्झिस्टर काय करतो, इथपर्यंत सांगितलेलं असतं. मग ब्लॉक डायग्राम. मग पुरवठ्याचं सर्किट. बाकीची पानं आज उघडू नका. पुरवठ्याच्या प्रत्येक रेलचा (ठरलेला दाब यंत्रभर पोचवणाऱ्या वाहिनीचा) टेस्ट पॉइंट शोधा, कागदावर तक्ता करा: असायला हवं किती, आहे किती.

जुना तारयंत्री

सर्किटच्या कडेला छापलेले व्होल्टेज वाचताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. जुन्या मॅन्युअलमध्ये ते अनेकदा २० किलोओहम प्रति व्होल्टच्या काट्याच्या मीटरने घेतलेले असतात. समजा २० व्होल्टवर १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर आहेत. मध्यबिंदूवर गणिताने १० व्होल्ट हवेत. काट्याचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर स्वतः २०० किलोओहमचा असतो, त्यामुळे तो ८ दाखवतो आणि मॅन्युअलमध्ये ८ छापलं जातं. तुमचा १० मेगाओहमचा डिजिटल तिथे ९.९५ दाखवेल. बिघाड काहीच नसतो. मॅन्युअलच्या सुरुवातीला कोणता मीटर वापरला ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. पुरवठ्याच्या रेलवर हा फरक पडत नाही, आतल्या टप्प्यांवर पडतो.

स्वयंशिक्षित

चालू करताना वीजपुरवठ्याला मालिकेत ६० किंवा १०० वॅटचा जुना तंतूचा बल्ब लावा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं. एलईडी बल्ब चालत नाही. १०० वॅटचा बल्ब २३० व्होल्टला साधारण ५३० ओहम असतो, थंड असताना त्याच्या दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. तंतू तापला की रेझिस्टन्स वाढतो, म्हणून तो आपोआप लगाम घालतो.

मिलिअँपिअर

स्विचिंग पुरवठ्याला मात्र बल्ब जपून. कमी दाबावर तो जास्त करंट ओढू पाहतो आणि चालू-बंद करत राहतो.

अवांतर: तंतूच्या याच गुणावर एक अख्खं उपकरण उभं राहिलं आहे. १९३८-३९ च्या सुमारास बिल ह्यूलेट यांनी २००ए हा ऑडिओ ऑसिलेटर बनवला. त्यात आउटपुटची पातळी स्थिर ठेवायला त्यांनी छोटा बल्ब घातला. आउटपुट वाढलं की तंतू तापतो, रेझिस्टन्स वाढतो, गेन आपोआप उतरतो. ह्यूलेट-पॅकार्डचं हे पहिलं उत्पादन. मला अजूनही याहून सुंदर सर्किट भेटलेलं नाही.

निळा धूर

म्हणजे बल्ब बाहेर लावला तर संरक्षण आणि आत लावला तर कंपनी. :)

शून्यरेषा

बल्ब लावून चालू केला. क्षणभर उजळला, मग मंद झाला. त्यानंतर बल्ब काढून रेल मोजले:

+५ ची रेल: ५.०३
−१२ ची रेल: −११.९
+१४० ची रेल: १४४
+१२ ची रेल: ०.७

हात अक्षरशः थरथरत होता. ०.७! वीज बंद करून, सगळं रिकामं करून +१२ ते जमीन रेझिस्टन्स मोजला: १.६ ओहम. पिना एकमेकींना लावल्या तर ०.३ दाखवतो. मॅन्युअलप्रमाणे हाय व्होल्टेजचा ऑसिलेटर याच +१२ वर चालतो. म्हणजे ट्यूबला दाबच मिळत नाही, म्हणून ठिपकासुद्धा नाही. बरोबर ना?

ओहममावशी

अगदी बरोबर. आणि हे तुमचं तुम्ही शोधलंत. रेग्युलेटरने करंटला मर्यादा घातली म्हणून काही जळलं नाही, आवाज तेवढा येत राहिला.

आता +१२ ज्या ज्या बोर्डाला जातो त्यांचे कनेक्टर वीज बंद ठेवून एकेक काढा आणि प्रत्येक वेळी ओहम बघा. कोणता काढल्यावर १.६ चे शेकडो होतात?

शून्यरेषा

व्हर्टिकल ॲम्प्लिफायरचा. तो काढला की पुरवठ्याकडे ३८० ओहम. बोर्डाकडे १.६ तसाच. पण त्या बोर्डावर +१२ ला लागलेले सव्वीस तरी भाग आहेत. एकेक पाय उचलायचा?

जुना तारयंत्री

एकही उचलू नका. शॉर्ट शोधायची जुनी युक्ती आहे. ५ व्होल्टचा फोनचा चार्जर घ्या, त्याला मालिकेत १० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावा. बोर्ड यंत्रातून मोकळा असताना हे त्याच्या +१२ आणि जमिनीला जोडा, धन-ऋण सांभाळून. साधारण ०.४ अँपिअर वाहतील. शॉर्ट अचानक सुटला तरी बोर्डाला ५ च्या वर मिळणार नाहीत, म्हणून धोका नाही.

आता मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर घ्या आणि +१२ च्या ट्रॅकवरच दोन बिंदूंमधला फरक मोजत पुढे सरका. जिथून करंट वाहतो तिथे काही मिलिव्होल्ट दिसतील, कारण तांब्यालाही थोडा रेझिस्टन्स असतो. ज्या फांदीतून करंट जात नाही तिथे शून्य. नदीचं पाणी कुठल्या ओढ्यात वळतं ते बघत जायचं. जिथे मिलिव्होल्ट संपतात तो भाग तुमचा गुन्हेगार.

शून्यरेषा

सापडला!!

ट्रॅकवर ६ मिलिव्होल्ट, पुढे ४, मग एका फाट्यापलीकडे शून्य. मागे येऊन दुसऱ्या फाट्यावर गेलो तर ३, आणि एका थेंबासारख्या छोट्या टँटॅलमच्या पायाशी संपलं. १० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट. बाहेरून नवा कोरा दिसतो, ना डाग ना तडा. काढला, बोर्ड ४१० ओहम. काढलेल्या तुकड्यात १.२ ओहम. डोळ्यांनी तो मला कधीच सापडला नसता.

कावळ्याची नजर

अभिनंदन! माझी नजर इथे हरली, मान्य.

मिलिअँपिअर

नवा घालताना दोन गोष्टी. १२ व्होल्टच्या रेलवर १६ चा टँटॅलम फार काठावरचा आहे. टँटॅलमला छापील आकड्याच्या निम्म्यापर्यंतच दाब द्यावा, म्हणून २५ किंवा ३५ चा घ्या. आणि ओहममावशींचा अनुभव आठवा: टँटॅलमवरची रेघ किंवा खूण धन पायाची असते, ॲल्युमिनियमच्या डबीवरची पट्टी ऋण पायाची. दोन्हीत बरोब्बर उलट. बोर्डावरचं चिन्ह बघा, जुन्या भागाचा फोटो बघा, मगच डाग द्या.

शून्यरेषा

३५ चा घातला. त्याच रेलवर असेच १६ चे आणखी सहा आहेत. ते बदलू की ओहममावशींच्या नियमाने राहू देऊ? अजून बिघडलेले नाहीत.

ओहममावशी

ते बदला. माझा नियम कारण सांगता यायला हवं असा आहे, आणि इथे कारण आहे: सातही भाग एकाच जातीचे, सारख्याच काठावरच्या दाबाला, आणि त्यातला एक गेला. एकेक करून बदला, प्रत्येकानंतर रेलचा ओहम मोजा.

निळा धूर

सात झाले. ४३ पर्यंत पोचतोय हळूहळू. :)

ओहममावशी

टँटॅलम त्या ४३ मध्ये मोजलेच नव्हते. ते ४३ इलेक्ट्रोलिटिक अजून जागेवर आहेत.

शून्यरेषा

रात्री पावणेबाराला हिरवी रेघ आली. मी किती वेळ नुसता बघत बसलो सांगता येत नाही. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी जुळवलेलं यंत्र माझ्या टेबलावर उजळलं.

आता दोन तक्रारी. एक, रेघ सरळ नाही, त्यात बारीक लाट आहे. दोन, दुसऱ्या चॅनेलचा व्होल्ट/डिव्हिजनचा स्विच फिरवला की रेघ उडते, हलकेच दाबला की जागेवर येते. आत ट्रिमरही (जुळवणीसाठी स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे भाग) बरेच दिसतात, ते थोडे फिरवून बघू का?

जुना तारयंत्री

ट्रिमरना हात लावू नका! ते आपोआप फिरत नाहीत. बिघाड शिल्लक असताना फिरवलेत तर बिघाड झाकला जातो आणि जुळवणी हरवते. फिरवावाच लागला तर आधी मार्करने जागेची खूण करा.

स्विचसाठी: गंज काढायचा तेलकट स्प्रे मारू नका, तो थर मागे ठेवतो आणि ॲटेन्युएटरच्या (येणारा सिग्नल कमी करणाऱ्या भागाच्या) मोठ्या रेझिस्टन्सना तो गळतीचा रस्ता होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी संपर्काच्या पात्यांमधून हळूच ओढा. सोन्याचा मुलामा असेल तर घासायचं अजिबात नाही. मग वाळू द्या आणि स्विच वीस-पंचवीस वेळा फिरवा.

प्रमाणशाळा

उशिरा आले धाग्यावर. मी मोजमापाच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून ट्रिमरवरून एक भर. १९८० च्या दशकातल्या आणि नंतरच्या अनेक उपकरणांत ट्रिमर नसून जुळवणीचे आकडे मेमरीत असतात आणि ती मेमरी छोट्या लिथियम बॅटरीवर जगते. एचपी ३४७८ए हा साडेपाच अंकी मीटर त्यातलाच. बॅटरी सहज म्हणून काढलीत तर जुळवणी पुसली जाते. आधी जीपीआयबीवरून (उपकरण संगणकाला जोडायच्या जोडणीवरून) आकडे वाचून जपून ठेवायचे, किंवा बदलताना बाहेरून तीन व्होल्ट लावून ठेवायचे. शून्यरेषा, तुमच्या स्कोपमध्ये हे नाही, पण पुढचं यंत्र आणण्याआधी माहीत असावं.

स्वयंशिक्षित

मुळात आपला मीटर खरं बोलतो हे कसं कळायचं?

प्रमाणशाळा

दुसऱ्या, शक्यतो जास्त अचूक मीटरशी ताडून, आणि तोही कशाशी तरी ताडलेला असावा लागतो. १९११ पासून जगभर व्होल्टचं प्रमाण वेस्टन सेल होता, २० अंशाला १.०१८३ व्होल्ट. त्यातून करंट ओढायचा नाही, तो कलंडू द्यायचा नाही, आणि आत पारा आणि कॅडमियम. १९९० मध्ये त्याची जागा जोसेफसन प्रमाणाने (अतिथंड सुपरकंडक्टरच्या जोडावर आधारलेल्या) घेतली. तुम्हाला दुरुस्तीसाठी एवढं नको. १२ च्या जागी ०.७ आहे हे कुठलाही मीटर सांगतो.

आता लाटेकडे. ती किती वेळाने येते? टाइम बेसवरून मोजा.

शून्यरेषा

१० मिलिसेकंदांना एक.

प्रमाणशाळा

म्हणजे १०० हर्ट्झ. ५० हर्ट्झच्या विजेवर पूर्ण ब्रिजमधून (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडमधून) येणारा रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लाट. ५० आला असता तर ब्रिजमधला एखादा डायोड गेल्याचा संशय घेतला असता. प्रत्येक रेलवर मीटर एसी मिलिव्होल्टला लावा. काही मीटर एसीवरही डीसी मोजतात, म्हणून लाल पिनेच्या मालिकेत १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर घाला, +१४० वरही लावणार म्हणून २५० व्होल्टचा.

शून्यरेषा

+५: ३ मिलिव्होल्ट. +१२: ४. +१४०: ११. −१२: १८० मिलिव्होल्ट.

−१२ चा मुख्य फिल्टर ४७०० मायक्रोफॅरडचा. काढून मोजला, मीटर ९०० दाखवतो. गणित करून पाहिलं: ०.४ अँपिअरला ४७०० वर दरी ०.८५ व्होल्टची, ९०० वर जवळजवळ साडेचार व्होल्टची. त्या दरीत रेग्युलेटरला पुरेसा दाबच मिळत नव्हता. नवा घातला, −१२ वर ३ मिलिव्होल्ट, रेघ दोऱ्यासारखी सरळ.

तर मूळ प्रश्न: ४३ पैकी बदलला एक.

निळा धूर

मान्य. पण तो एक इलेक्ट्रोलिटिकच निघाला, एवढं नोंदवून ठेवा. बाकीच्या ४२ ची दर वर्षी रिपलची नोंद घ्या, म्हणजे पुढचा कोण ते आधी कळेल.

ओहममावशी

हे मला पूर्ण पटलं. तो तक्ता झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह चिकटवा.

शून्यरेषा

चिकटवला. स्विचही कागदाच्या पट्टीने शांत झाला. आता पुढे कॅलिब्रेटरची चौकोनी लाट १० पट प्रोबने बघतोय, तर कोपरे गोल दिसतात.

जुना तारयंत्री

प्रोबच्या डोक्यात किंवा कनेक्टरच्या डबीत छोटा ट्रिमर असतो. हा मात्र फिरवायचाच असतो. प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने, वरची कड सपाट होईपर्यंत. आणि ज्या चॅनेलवर वापरणार त्याच चॅनेलवर जुळवा, दोघांची इनपुट कपॅसिटन्स अगदी सारखी नसते.

शून्यरेषा

पहिल्यावर सपाट आली. दुसऱ्यावर डावा कोपरा अजून किंचित वर आहे. उद्या संध्याकाळी परत बसतो, फोटो टाकेन.